धूमकेतूमागचे तारे

१८८२ सालच्या ऑक्टोबरात जबलपूरच्या जुन्या शहरात पहाटे उठणाऱ्या माणसाला आग्नेयेच्या आकाशात एक लखलखीत शेंडेनक्षत्र दिसत होते. आज बडा फुहारा, सराफा आणि कमानिया गेट या भागात दुकानांच्या दिव्यांनी रात्र कधी होते ते कळत नाही. तेव्हा या शहरात वीज नव्हती. घरातला दिवा मालवला की थेट नक्षत्रे सुरू होत. नर्मदेवर स्नानाला निघालेल्या बायामाणसांना, पहाटे गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या टांगेवाल्यांना, स्टेशनवर गाडी घ्यायला उभ्या असलेल्या रेल्वेच्या नोकरांना तो धूमकेतू पाहण्यासाठी कोणी बोट दाखवायची गरज नव्हती. डोके खाली क्षितिजाकडे, पिसारा वर आणि रुंद. सप्टेंबरच्या मध्यावर तो इतका तेजस्वी होता की भर दिवसा सूर्याच्या शेजारी दिसला, आणि तसे पाहिल्याच्या नोंदी जगाच्या अनेक भागांतून झाल्या.

जबलपूर त्या वेळी आडगाव राहिले नव्हते. १८७० मध्ये मुंबईहून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादहून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे इथे एकमेकींना मिळाल्या आणि मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग पुरा झाला. मराठी माणूस तर त्याही आधीपासून इथे होता. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाल्यावर कचेरीत, शाळेत, कोर्टात नोकरीसाठी मराठी कुटुंबे जबलपूरला येत राहिली. त्यांच्या वाड्यांच्या गच्च्यांवरूनही ते शेंडेनक्षत्र दिसत होते.

त्याच धूमकेतूसाठी त्याच महिन्यात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला एक माणूस दुर्बिणीशी तास-तास डोळा लावून उभा होता. त्याच्या हाताखाली काचेचा एक तुकडा उघडा होता. त्या काचेवर जे उमटले त्याने साऱ्या जगाची खगोलशास्त्राची पद्धत बदलली. त्याचा एक धागा पुढे हैदराबादला पोचतो, दुसरा पुणे-मुंबईला. मराठी मुलखाने या गोष्टीत काय मिळवले आणि काय घालवले, ते सांगायला मला १८८२ हेच साल योग्य वाटते.

पण आधी पंचवीस वर्षे मागे जावे लागेल.

१८५७ च्या सप्टेंबरच्या १८ तारखेला जबलपुरात गोंड राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. त्याला वर्ष होते न होते तोच, १८५८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, संध्याकाळच्या पश्चिम आकाशात डोनाटीचा धूमकेतू उगवला. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी डोनाटी यांनी तो २ जूनला शोधला होता. तलवारीसारखी वाकलेली त्याची शेपटी एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या दृश्यांपैकी एक मानली जाते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचार हा एक स्वतंत्र अध्याय आहे. धूमकेतू म्हणजे राजावर संकट, ही समजूत त्या परंपरेतून गावोगाव पोचलेली होती. ज्या शहराने नुकतेच आपले राजे गमावले होते, तिथे त्या शेपटीकडे लोकांनी कोणत्या मनाने पाहिले असेल, ते वेगळे सांगायला नको.

डोनाटीच्या धूमकेतूचा फोटो हा कोणत्याही धूमकेतूचा पहिला फोटो. २७ सप्टेंबर १८५८ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात विल्यम अशरवूड नावाच्या छायाचित्रकाराने तो काढला. तो खगोलशास्त्रज्ञ नव्हता, पोटासाठी चित्रे आणि फोटो काढणारा माणूस होता. माणसांची चित्रे टिपण्यासाठी वापरतात तसले मोठ्या तोंडाचे पोर्ट्रेट भिंग त्याने आकाशाकडे वळवले आणि सात सेकंदांत डोके आणि शेपटीचा काही भाग टिपला. दुसऱ्याच रात्री हार्वर्डच्या वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी मोठ्या दुर्बिणीतून सहा मिनिटे प्रयत्न केला, पण काचेवर आला तो फक्त मधला तेजस्वी ठिपका. अशरवूडचा फोटो पुढे हरवला. आज तो कुठेही नाही.

त्या वर्षी मुंबईतही कॅमेरे होते. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम फोटो काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक फोटोग्राफर तयार झाले. हौसेची आणि हाताच्या कौशल्याची कमतरता इथे नव्हती. अडचण होती ती काचेची.

त्या काळची काच ओली असे. कलोडियन नावाचा चिकट द्राव काचेवर ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळण्यापूर्वी धुवायची. उन्हाळी हवेत ही सवड काही मिनिटांचीच. इमारतीसाठी, माणसासाठी ती पुरे. अंधारातल्या मंद धुरासारख्या शेपटीसाठी काच तास-दीड तास उघडी ठेवावी लागते, आणि ओली काच तितका वेळ टिकतच नाही. अशरवूडला यश आले ते धूमकेतू फार तेजस्वी होता आणि भिंग फार उघडे होते म्हणून.

ही कोंडी कोरड्या काचेने फोडली. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये जिलेटिनचा लेप सुचवला आणि दहा वर्षांत कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा खोक्यांतून विकत मिळू लागल्या. त्या हव्या तितक्या वेळ उघड्या ठेवता येत आणि धुण्याचे काम सवडीने करता येई. १८८१ च्या जूनमध्ये आलेल्या मोठ्या धूमकेतूवर पॅरिसजवळ जान्सेन यांनी अर्धा तास आणि अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी दोन तास बेचाळीस मिनिटे काच उघडी ठेवली. शेपटी सगळी आली. त्याच जूनमध्ये विल्यम हगिन्स यांनी त्या धूमकेतूचा वर्णपटही काचेवर घेतला.

म्हणजे १८८२ चा धूमकेतू आला तेव्हा रस्ता खुला झालेला होता. तरी जे घडायचे ते केपटाउनला घडले.

केपच्या शाही वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या घड्याळजी घरातले. तरुणपणी त्यांनी वडिलांचा घड्याळांचा धंदा चालवला होता आणि यंत्र अचूक चालले पाहिजे हा हट्ट त्यांच्या हाडीमांसी भिनलेला होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे सहकारी विल्यम फिनले यांना हा धूमकेतू दिसला. १७ सप्टेंबरला तो सूर्याच्या अगदी जवळून गेला, सूर्याच्या पृष्ठभागापासून पाच लाख किलोमीटरहून कमी अंतरावरून. त्या दिवशी फिनले आणि तेव्हा केपच्याच वेधशाळेत असलेले एल्किन या दोघांनी दुर्बिणीतून तो सूर्याच्या कडेपर्यंत जाताना पाहिला, आणि कडेला टेकताच तो नाहीसा झाला. सूर्यबिंबावर त्याचा काळा ठिपकाही दिसला नाही. शेपटी कितीही लांबलचक असली तरी धूमकेतूचा गाभा किती लहान असतो, हे त्या क्षणी दोघांनी डोळ्यांनी पाहिले. सूर्याच्या ओढीने तो गाभा फुटला आणि पुढच्या आठवड्यांत एकाच धूमकेतूच्या पोटात ओळीने अनेक तुकडे दिसू लागले.

आसपासच्या फोटोग्राफरांनी साध्या कॅमेऱ्याने या धूमकेतूचे फोटो काढून पाहिले होते. ते पाहून गिलच्या ध्यानात आले की कॅमेरा आकाशाच्या गतीबरोबर फिरवला तर यातून बरेच काही निघेल. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश तासाला पंधरा अंश सरकते. स्थिर कॅमेऱ्यात मिनिटभरातच सगळे फरपटलेले येते. वेधशाळेत असे काम करणारा फोटोग्राफर नव्हता. म्हणून गिलनी जवळच्या मोब्रे गावातल्या ॲलिस नावाच्या स्थानिक फोटोग्राफरला बोलावले. त्याचा कॅमेरा, त्याचे भिंग, त्याच्या काचा. भिंग रॉस कंपनीचे, अडीच इंच रुंद आणि अकरा इंच नाभीय अंतराचे, कोणत्याही स्टुडिओत शोभेल असे. तो कॅमेरा वेधशाळेच्या दुर्बिणीला बांधला. दुर्बिणीला घड्याळाचे यंत्र होते, ते तिला आकाशाबरोबर फिरवत राही. पण यंत्रावर सगळे सोडून भागत नाही, कारण धूमकेतू स्वतःही ताऱ्यांमधून सरकत असतो. म्हणून गिल दुर्बिणीला डोळा लावून धूमकेतूचे डोके तारांच्या फुलीवर धरून ठेवत आणि ते तसूभर हलले की स्क्रू फिरवून जागेवर आणत. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हे काम चालले. काच उघडी ठेवण्याचा काळ अर्ध्या तासापासून दोन तास वीस मिनिटांपर्यंत वाढत गेला. तितका वेळ डोळा न हलवता उभे राहणे काय असते, ते ज्याने हाताने दुर्बीण सांभाळून फोटो काढला आहे त्यालाच विचारावे.

फोटो धुतले. धूमकेतू सुरेख आला होता. आणि शेपटीच्या आरपार, आणि आजूबाजूलाही, तारे आले होते. इतके की साध्या भिंगाने इतके बारीक तारे टिपता येतील असे कोणाला वाटले नव्हते.

पाहायला गेलो धूमकेतू आणि हाती आले तारे! गिलच्या थोरवीचा मला वाटणारा खरा क्षण हा. दुसऱ्या एखाद्याने धूमकेतूच्या फोटोचे कौतुक करून घेतले असते आणि तारे पार्श्वभूमी म्हणून सोडून दिले असते. गिलनी हिशेब मांडला. उत्तर गोलार्धातल्या तीन लाखांवर ताऱ्यांची यादी जर्मनीत आर्गेलांडर यांनी वर्षानुवर्षे एकेक तारा डोळ्याने पाहून केली होती. दक्षिण आकाशासाठी तशी यादी नव्हती. काच हे काम करू शकत असेल तर ते आता काचेनेच करावे. त्यांनी केपला दक्षिण आकाशाच्या काचा घेतल्या. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनच्या याकोबुस काप्टाइन यांनी त्या काचांवरचा एकेक तारा मोजला. त्या कामाला वर्षे लागली. त्यातून निघालेल्या केपच्या तारासूचीत ४,५४,८७५ तारे आहेत. धूमकेतूचे फोटो पॅरिसला गेले, तिथल्या वेधशाळेचे प्रमुख मूशे यांनी पुढाकार घेतला आणि १८८७ मध्ये पॅरिसला जगभरातले ज्योतिर्विद जमले. सगळ्या आकाशाचे पट्टे पाडायचे, एकेका वेधशाळेने एकेक पट्टा काचेवर घ्यायचा आणि त्यातले तारे मोजून छापायचे, असे ठरले.

आता मुंबईकडे वळू. त्याच १८८२ सालात भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी एल्फिन्स्टन कॉलेजला ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. हे पैसे ताऱ्यांच्या आणि सूर्याच्या प्रकाशाचा वर्णपट तपासणाऱ्या प्रयोगशाळेसाठी होते. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या डोक्यातली ही कल्पना. ते १८८४ मध्ये विलायतेला गेले, वेधशाळा पाहिल्या, उपकरणे मागवली. मग सगळा बेत मुंबईहून पुण्याला हलला आणि सायन्स कॉलेजच्या, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यातली डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती.

नायगमवाला यांचे नाव आज पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि याची मला खंत वाटते. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटावर त्यांनी केलेले काम लंडनच्या शास्त्रज्ञांच्या वादात पुरावा म्हणून उभे राहिले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळच्या जेऊरला छावणी टाकली आणि सूर्याच्या प्रभामंडलाचे फोटो व वर्णपट घेतले. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते. ग्रहणाचा पट्टा तिरपा वर जात मध्य प्रांताच्या पलीकडे गेला. ग्रीनिचचे शाही खगोलज्ञ ख्रिस्ती आणि ऑक्सफर्डचे हर्बर्ट टर्नर यांनी तळ ठोकला तो शहडोलला, जबलपूरपासून पूर्वेला रेल्वेने जाता येईल अशा जागी. याच टर्नर यांनी पुढे १९१२ मध्ये पॅरिसला ठरलेल्या ताऱ्यांच्या त्या जागतिक नकाशावर पुस्तक लिहिले.

ग्रहण आणि धूमकेतू यांचे नाते इथे सांगितले पाहिजे. १८८२ च्याच मे महिन्यात इजिप्तमध्ये खग्रास ग्रहण झाले. आर्थर शुस्टर यांनी घेतलेल्या काचेवर सूर्याच्या बाजूला एक अनोळखी धूमकेतू उमटला. खेदिव तौफिक याच्या नावावरून त्याला तौफिक म्हणतात. तो पुन्हा कधी दिसला नाही. त्याच्या अस्तित्वाचा भक्कम पुरावा ती काचच. जेऊरसारख्या छावण्यांत तंबू ठोकून, यंत्रे बसवून, दोन मिनिटांसाठी महिनाभर सराव करणारी माणसे का येत, ते यावरून कळते. काच सगळे घेते, जे शोधायला आपण आलो नव्हतो तेही.

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद झाली. दुर्बीण आणि उपकरणे कोडाईकॅनालला गेली. तिथे ती मोठी दुर्बीण भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबई इलाख्यात तेवढ्या योग्यतेचा उत्तराधिकारी तयार केला गेला नाही. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर एक संस्था मिटली हे माझ्या मते पुण्याच्या विज्ञानजीवनातले मोठे नुकसान आहे. त्याची भरपाई व्हायला मध्ये अनेक दशके जावी लागली.

१९१० च्या दोन धूमकेतूंबद्दल थोडक्यात. जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांनी प्रथम पाहिलेला एक तेजस्वी धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला झळकला, आणि एप्रिल-मेमध्ये हॅलीचा आला. पहिला दुसऱ्यापेक्षा तेजस्वी होता. त्यामुळे पुढे ज्या ज्या म्हाताऱ्यांनी नातवंडांना आपण हॅली पाहिला असे सांगितले, त्यांच्यातल्या अनेकांनी खरे तर जानेवारीचा पाहिला होता. कोडाईकॅनालच्या वेधशाळेत हॅलीचे फोटो घेतले गेले.

पॅरिसच्या नकाशाचा धागा आता हैदराबादला येतो. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्वखर्चाने वेधशाळा काढली. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये निजाम सरकारने ती आपल्याकडे घेतली. पॅरिसच्या वाटणीतला दक्षिण आकाशाचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आधी चिलीतल्या सांतियागोकडे होता; तिथे काम झाले नाही, म्हणून तो हैदराबादकडे आला. ८ इंची कुक दुर्बीण-कॅमेऱ्याने काचा घेतल्या जात. प्रत्येक काचेवर पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची जाळी उमटवलेली असे आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ताऱ्याचे अंतर त्या जाळीवरून मोजायचे. एका काचेवर शेकडो तारे. आर्थर चॅटवुड, रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर पहिले भारतीय संचालक टी. पी. भास्करन यांच्या काळात हे मोजणे चालू राहिले. जगातल्या मोठमोठ्या वेधशाळांनी मध्येच सोडलेले हे काम हैदराबादने नेटाने पुरे केले आणि आपल्या वाट्यापलीकडचा उत्तर आकाशाचा आणखी एक पट्टाही केला. बारा खंडांत साडेसात लाखांहून अधिक तारे छापले गेले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद तेव्हा याच राज्यात होते. मराठवाड्याच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचा काही अंश त्या काचांमध्ये आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.

याच वेधशाळेतल्या एका खगोलज्ञाचा मुलगा वेणू बाप्पू. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो हार्वर्डला गेला. २ जुलै १९४९ च्या रात्री नेहमीच्या कामासाठी घेतलेली एक काच तो तपासत होता. तिच्यावर ताऱ्यांच्या ठिपक्यांमध्ये एक अस्पष्ट रेघ दिसली. तिथल्याच बार्ट बॉक आणि गॉर्डन न्यूकर्क यांच्या मदतीने तो नवा धूमकेतू असल्याचे पक्के झाले आणि त्याला तिघांची नावे मिळाली. हा धूमकेतू डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी नव्हता. गिलच्या काचेवर धूमकेतू पाहताना तारे सापडले होते, बाप्पूच्या काचेवर तारे पाहताना धूमकेतू सापडला.

बाप्पू १९६० मध्ये कोडाईकॅनालचे संचालक झाले. पाच वर्षांनी, १८ सप्टेंबर १९६५ रोजी, जपानमध्ये काओरू इकेया आणि त्सुतोमु सेकी या दोन हौशी निरीक्षकांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच धूमकेतू शोधला. २१ ऑक्टोबरला तो सूर्याला जवळजवळ घासून गेला. हाताने सूर्य झाकला की भर दुपारी दिसत होता. गणित मांडल्यावर कळले की हा १८८२ च्या धूमकेतूचा भाऊ. १८८२ आणि १८४३ चे धूमकेतू एकाच कुळातले असल्याचे जर्मन ज्योतिर्विद हाइनरिश क्रॉइत्स यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. पुढे ब्रायन मार्सडेन यांच्या गणितातून १८८२ चा धूमकेतू आणि इकेया-सेकी हे ११०६ साली दिसलेल्या एका मोठ्या धूमकेतूचे तुकडे असावेत असे दिसले. गिलच्या धूमकेतूसारखाच हाही सूर्याजवळ फुटला. कोडाईकॅनालला बाप्पू आणि त्यांचे सहकारी शिवरामन यांनी त्याचे वर्णपट घेतले आणि त्यातल्या सोडियमच्या प्रकाशावरून सौर वाऱ्याविषयी निष्कर्ष काढले. केपच्या काचेनंतर त्र्याऐंशी वर्षांनी त्याच कुळातला धूमकेतू भारतीय माणसांनी भारतातून अभ्यासला. या कुळाचे शेकडो लहान तुकडे आजही सूर्यात पडत असतात. सोहो या अंतराळयानाच्या प्रतिमांमध्ये पाच हजारांहून अधिक धूमकेतू सापडले, त्यातले बहुतेक याच कुळाचे, आणि ते शोधणाऱ्यांत घरी संगणकासमोर बसणारी हौशी मंडळी मोठ्या संख्येने आहेत.

गेल्या काही वर्षांत बडा फुहाऱ्याच्या आकाशाला सर्वांत तेजस्वी पाहुणा आला तो २०२४ च्या ऑक्टोबरात. १२ ऑक्टोबरला दसरा होता. जबलपूरचा दसरा म्हणजे देवीचे मांडव, मिरवणुका आणि जुन्या शहरात दिव्यांची नुसती रांग. नेमक्या त्याच दिवशी त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता आणि सूर्यास्तानंतर पश्चिमेला क्षितिजाजवळ थोडा वेळ दिसत होता. मांडवांच्या झगमगाटात उभ्या असलेल्या माणसाला तो दिसणे शक्यच नव्हते. पुढच्या संध्याकाळी तो वर वर चढला, पण तोवर कोजागरीचा चंद्र मोठा होत गेला. ज्यांनी शहराबाहेर, भेडाघाटच्या बाजूला किंवा बरगी धरणाच्या मोकळ्या पाण्याकाठी पश्चिमेकडे तोंड करून कॅमेरा लावला असेल, त्यांच्यासाठी वाट खुली होती. या धूमकेतूच्या नावातला ॲटलस भाग ज्या दुर्बिणीवरून आला ती दक्षिण आफ्रिकेत सदरलँडला आहे. त्या माळावरच्या वेधशाळेचे मुख्यालय केपटाउनला आहे, ज्या आवारात गिलनी ॲलिसचा कॅमेरा दुर्बिणीला बांधला त्याच आवारात.

आज खिशातला फोनही काही सेकंदांत तेजस्वी धूमकेतू टिपतो, गिलना त्यासाठी दोन तास उभे राहावे लागले. साध्या कॅमेऱ्याने तिपाईवर फोटो काढायचा तर पाचशेला भिंगाच्या नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागावे आणि येतील तितकेच सेकंद फोटो घ्यावा. पन्नास मिलिमीटरचे भिंग असेल तर दहा सेकंदांपर्यंत तारे फारसे फरपटत नाहीत. असे वीस-तीस फोटो एकावर एक रचले की शेपटी वर येते. फोकस स्वयंचलित ठेवू नये, एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने बसवावा. क्षितिजावरचे झाड किंवा मंदिराचे शिखर चौकटीत घेतले तर फोटो देखणा होतो, पण शास्त्राला उपयोगी पडतात ते आजूबाजूचे तारे, कारण धूमकेतू नेमका कुठे होता हे त्यांच्यावरूनच मोजता येते. म्हणून एखादी चौकट तरी फक्त आकाशाची घ्यावी.

अशरवूडचा पहिला फोटो हरवला. आपले फोटो तसे हरवू नयेत. जबलपूर, नागपूर, पुणे, इंदूर, कोल्हापूर, कुठल्याही मराठी घरात १९८६ चा हॅली, १९९६ चा ह्याकुताके, १९९७ चा हेल-बॉप किंवा २०२० चा निओवाइज यांचे निगेटिव्ह, स्लाइड किंवा फाइली पडून असतील. अल्बममधून त्या बाहेर काढा, स्कॅन करा, आणि प्रत्येकीवर तारीख, घड्याळाची वेळ, गावाचे नाव, कॅमेरा आणि भिंग लिहून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी काढलेल्या असतील तर त्यांना विचारून, आजच लिहून घ्या. स्टुडिओ बंद करणाऱ्या जुन्या फोटोग्राफरांनी काचा आणि निगेटिव्ह रद्दीत देण्याआधी जवळच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला किंवा खगोल मंडळाला एकदा दाखवाव्यात.